मीटर कुणाचं, पंखा कुणाचा

मे महिन्याचं विजेचं बिल मोबाइलवर आलं तेव्हा कृष्णकांत टिपणीस दहीपोहे खात होते. त्यांनी आकडा वाचला, चष्मा काढून बनियनच्या टोकानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा वाचला. आकडा जागचा हलला नव्हता. चमचा मात्र हातातून सुटून वाटीत पडला.

"आशा, अगं मागच्या महिन्यात आपल्याकडे कुणी राहायला आलं होतं का?"

"या उकाड्यात कोण येणार?" आशालताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मग एवढी वीज जाळली कुणी?"

आशालताबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "अहो, हे तर एप्रिलपेक्षाही जास्त आहे."

"आणि एप्रिलपासून आपण वाचवायला लागलोय!"

हाच तर घोळ होता. विमा कंपनीतून निवृत्त झालेले टिपणीस खांदा कॉलनीतल्या ओंकारदीप सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत. मुलगी आभा लग्न होऊन पुण्याला गेलेली. घरात दोन माणसं, तीन पंखे, एक फ्रिज, एक टीव्ही. एसी नाही. उन्हाळा सुरू झाल्यापासून बिल चढायला लागलं, म्हणून टिपणिसांनी कंबर कसली होती.

आधी गिझर गेला. त्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी मारली आणि पाणी उन्हानं तापवायला बाल्कनीत एक पिंप काळं रंगवून ठेवलं. पिंपानं आपलं काम चोख केलं. भर दुपारी त्यात कढत पाणी तयार असे. मे महिन्यात, भर दुपारी, पनवेलमध्ये कढत पाण्यानं अंघोळ कुणाला हवी, हा प्रश्न पिंपाच्या कक्षेबाहेरचा होता. मग फ्रिज. संध्याकाळी तो बंद होई, सकाळी चालू. दूध नासलं की आशालताबाई त्याचं पनीर करत. पनीर इतकं झालं की एकदा टिपणिसांनीच हात जोडले आणि साधं वरण मागितलं. मिक्सरच्या जागी खलबत्ता आला, तेव्हा खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, की वर फरशी फोडायचं काम काढलंय का. टीव्हीचा उजेड त्यांनी इतका उतरवला होता, की कुठल्याही मालिकेतल्या कुठल्याही घरी नुकतंच कुणीतरी गेलंय असं वाटे.

आणि एवढं करून बिल वाढलं होतं.

"मला वाटतं," टिपणीस गंभीरपणे म्हणाले, "कमी वापरणाऱ्यांना ते दंड लावत असतील."

"मग एक महिना उधळून बघू या?" आशालताबाईंचे डोळे लकाकले. "मी आत्ता गिझरची पट्टी काढते."

"थांब. आधी विजेच्या ऑफिसात विचारून येतो."

ऑफिसातल्या माणसानं पडद्यावर त्यांचा ग्राहक क्रमांक घातला, खालीवर पाहिलं आणि सांगितलं, "रीडिंग बरोबर आहे, काका. घरात काहीतरी चालू राहत असणार."

"घरात काहीच चालू नसतं हो."

"काहीच चालू नसेल तर बिल कशाला येईल?"

या बोलण्यात कुठेतरी खोट आहे असं टिपणिसांना वाटत राहिलं. पण कुठे, ते घरी पोचेपर्यंत सापडलं नाही. शेवटी आभाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, सोपं आहे. घरातलं सगळं बंद करा आणि खाली जाऊन मीटर बघा. तरी लाल दिवा लुकलुकत असेल तर कुठेतरी गडबड आहे."

रविवारी सकाळी, जेवणाआधी, टिपणिसांनी मोहीम काढली. पंखे बंद. फ्रिज बंद. टीव्हीची पिन काढली, मोबाइलचा चार्जर काढला, देवघरातला झिरोचा बल्ब आशालताबाईंच्या देखत, त्यांची माफी मागून, काढला. घराचा मेन स्विचही खाली ओढला. आशालताबाई पेपरानं वारा घेत खिडकीत बसल्या.

तळमजल्यावर जिन्याखाली मीटरची खोली होती. मागच्या पावसाळ्यानंतर तिची डागडुजी झाली होती. तेव्हा सगळी मीटर उतरवून, भिंत रंगवून पुन्हा लावली होती, आणि प्रत्येक मीटरवर सुबक अक्षरांत घरमालकाचं नाव चिकटवलं होतं. टिपणीस आपल्या नावासमोर उभे राहिले.

लाल दिवा लुकलुकत होता. नुसता लुकलुकत नव्हता, त्याला धाप लागली होती.

टिपणिसांनी पुन्हा एकदा आपलं नाव वाचलं. त्यांनी फोन लावला. "आशा, सगळं बंद आहे ना?"

"माझा पेपर तेवढा चालू आहे."

"इथे मीटर नुसतं धावतंय! एक काम कर. घरातला मेन स्विच वर कर, हॉलमधला पंखा लाव. मी इथली खटकी पाडतो. पंखा बंद पडला की सांग."

"लावला पंखा. हां, बरं वाटलं."

टिपणिसांनी आपल्या मीटरखालची खटकी पाडली. लाल दिवा थांबला.

"गेला ना पंखा?"

"नाही, चालू आहे."

"चालू कसा असेल? मी बंद केलाय."

"तुम्ही बंद केला असेल, इथे तो फिरतोय."

"नीट बघ. गरगर संपत आली असेल."

"अहो, कॅलेंडर फडफडतंय!"

टिपणिसांनी खटकी वर केली. "आता?"

"चालू आहे."

पुन्हा पाडली. "आता?"

"चालूच आहे. आता पण चालू आहे. हे तुम्ही काय करताय ते मला कळेल का?"

ते टिपणिसांनाही कळत नव्हतं. वीज नसताना चालणारा पंखा आपल्या घरात आहे, या विचारानं त्यांच्या कपाळावर घाम आला. एकदा हळू, एकदा झटक्यानं, एकदा डोळे मिटून, अशी त्यांनी खटकी खालीवर केली. वर इमारतीत कुठेतरी माणसांचा गलका चालला होता. दर वेळी खटकी पडली की तो "आऽऽ" करून वाढे आणि वर केली की "हाऽऽ" करून ओसरे. क्रिकेटचा सामना असेल, असं टिपणिसांना वाटलं.

तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या आणि चौथ्या मजल्यावरच्या घरतांची दिपिका धावत खाली आली. जरीची साडी, केसांत गजरा, कपाळावर घाम. बेलापूरच्या ऑफिसात जाणारी ही मुलगी रोज जीन्समध्ये दिसे, त्यामुळे टिपणिसांना ओळखायला क्षणभर वेळ लागला. तिला मात्र लागला नाही. त्यांचा हात खटकीवरच होता.

"काका! तुम्ही करताय हे?"

"काय?"

"आमची लाइट! किती वेळ चाललंय, येते आणि जाते! वर मला बघायला पाहुणे आलेत!"

टिपणिसांनी खटकीकडे पाहिलं, चिकटवलेल्या नावाकडे पाहिलं, मग दिपिकाकडे. "पण हे माझं मीटर आहे."

"असू दे तुमचं. पण लाइट आमची जातेय. मुलाची आई बाबांना विचारत होती, की बिल भरलेलं नाही का. आता तुम्हीच वर या आणि सांगा."

"मी बनियनवर आहे गं."

"चालेल," दिपिका म्हणाली आणि त्यांचं मनगट धरून तिनं त्यांना जिना चढायला लावला.

बळीराम घरतांची जमीन विमानतळात गेली होती आणि उलव्याकडचं गाव सोडून ते इथे चौथ्या मजल्यावर दोन फ्लॅट एक करून राहत होते. त्यांच्या हॉलमध्ये आत्ता पाच-सहा माणसं घाम पुसत बसली होती. मधल्या टीपॉयवर सरबताचे ग्लास होते. हरेश नावाचा उंच, शांत तरुण कॉलर सैल करून बसला होता. त्याच्या शेजारी त्याची आई, सोनाबाई, हिरव्या लुगड्यात ताठ बसलेली. बळीरामशेठ उभे होते, आणि त्यांच्या हातात मोबाइल होता.

"बघा, हेच्यान लिवलाय," ते सोनाबाईंना सांगत होते. "बिल भरल्याबिगर आमी रातचं जेवत नाय. आन् बिल तरी किती? घरान चार एशी हायत, दोन गिझर हायत, तरी बिल बघा केवढंसं येतंय. का? तर आमची दिपिका. हिचा लय ध्यान असतंय. खोलीशी बाहेर आली का बटन बंद!"

सोनाबाईंनी आकडा पाहिला आणि भुवया वर केल्या. त्या प्रभावित झालेल्या दिसत होत्या. "चार एशी, आन् एवढंच बिल? आमचे जासईला एक एशी हाय, तो पन मी कुलपान ठेवते, तरी हेच्यापेक्षा जास्ती येतंय."

"टिपणीस सायेब!" बळीरामशेठना दारात बनियनवरचे टिपणीस दिसले. "या, या. काय झाला?"

टिपणिसांनी हात जोडले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "बळीरामशेठ, माफ करा. तुमची वीज मी घालवत होतो. म्हणजे मी माझी घालवत होतो. पण माझी जातच नव्हती."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"म्हणजे असं," टिपणिसांनी पुन्हा सुरुवात केली. "माझ्या नावाचं मीटर आहे, त्यावर तुमचं घर चालतं. मागच्या डागडुजीत वायरी उलट्या जोडल्या असणार. म्हणजे तुमचं बिल मला येतंय आणि माझं बिल..." इथे त्यांचं बोट आपोआप बळीरामशेठच्या मोबाइलकडे गेलं. "ते छोटं बिल. ते माझं आहे!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. भामावहिनी, बळीरामशेठच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात वड्यांचं ताट घेऊन थिजल्या होत्या. सोनाबाईंनी सावकाश मान वळवून बळीरामशेठकडे पाहिलं.

"म्हंजे पोरीच्या ध्यानाचा काय नाय? ते या सायबांचा ध्यान?"

बळीरामशेठचा चेहरा लाल झाला. "सायेब, म्हंजे आमी तुमची लाइट चोरतंव, असा बोलताव का तुमी? पावन्यांसमोर?"

"छे छे! मी कुठे तसं म्हटलं?"

"मंग काय बोललाव?"

"मी म्हटलं, तुमची वीज मी भरतोय."

"त्याचा दुसरा काय अर्थ होतंय?"

टिपणिसांनी खूप विचार केला, पण दुसरा अर्थ सापडेना. तेव्हा त्यांनी आयुष्यभर विमा विकताना जे केलं तेच केलं. ते म्हणाले, "चला खाली, प्रत्यक्ष दाखवतो. तुमच्या नावाचं मीटर बंद केलं की माझ्या घरातला पंखा बंद पडेल. सगळा उलगडा होईल."

मुलगी बघण्याचा कार्यक्रम असा मीटरच्या खोलीत उतरला. पुढे टिपणीस, मागे बळीरामशेठ, मग सोनाबाई, "मना बगू दे, मना बगू दे" म्हणत. हरेश आणि दिपिका सगळ्यांत मागे. भामावहिनी ताट घेऊनच आल्या, कारण वडे गार होत होते.

टिपणिसांनी फोन लावून स्पीकर चालू केला. "आशा, पंख्याकडे बघत राहा. आता नक्की जाणार."

"मी मघापासून त्याच्याकडेच बघतेय. मान दुखायला लागली."

टिपणिसांनी 'बळीराम घरत' या नावाखालची खटकी रुबाबात पाडली. "गेला?"

"नाही."

"नाही?"

"मजेत चाललाय."

सगळ्यांनी टिपणिसांकडे पाहिलं. टिपणीस मनातल्या मनात हिशेब मांडू लागले. आपल्या मीटरवर घरतांचं घर. घरतांच्या मीटरवर आपलं घर नाही. मग घरतांच्या मीटरवर काय? आणि आपलं घर आहे तरी कशावर?

याचं उत्तर वरून आलं. आधी धडधड वाजलं, मग एक दबलेला आवाज. "अहो! कुणी आहे का? मी लिफ्टमध्ये अडकलोय! कुणीतरी या हो!"

"हा तर देवेश," बळीरामशेठ म्हणाले. देवेश हा सोसायटीचा सेक्रेटरी.

दिपिका जिन्यानं वर धावली आणि तिकडून ओरडली, "दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे आहेत! बोंबील आणलेत म्हणे, पाणी गळतंय!"

टिपणिसांनी खटकी वर केली. लिफ्ट घरघरली. थोड्या वेळानं देवेश घामाघूम खाली आला. हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि बोंबलांचा वास मीटरच्या खोलीत सगळ्यांच्या आधी शिरला.

"लाइट गेली होती का?" त्यानं विचारलं.

"गेली नव्हती," टिपणीस म्हणाले. "मी घालवली. बळीरामशेठची."

"मग लिफ्ट का थांबली?"

 हा प्रश्न बळीरामशेठना लागला. "म्हंजे लिफ्टचा बिल मी भरतंय?"

"लिफ्टचं, पंपाचं आणि जिन्याच्या दिव्यांचं," टिपणीस पुटपुटले. त्यांची नजर आता कोपऱ्यातल्या मीटरवर गेली होती. त्यावर 'सोसायटी' असं लिहिलेलं होतं. लाल दिवा मोठ्या विश्रांतीनं, आठवण झाली की एकदा, असा लुकलुकत होता. तो संयम टिपणिसांना ओळखीचा वाटला. त्यांनी खटकी पाडली.

फोनमधून आशालताबाईंचा आवाज आला. "गेला! अहो, पंखा गेला!"

"गेला!" टिपणीस दोन्ही हात वर करून ओरडले. "आपला गेला! सापडलं आपलं मीटर!" बोंबलांच्या पिशवीसकट देवेशला त्यांनी मिठी मारली. इतक्या दिवसांच्या उपासतापासाचं कुठेतरी फळ जमा होत होतं, ही गोष्टच त्यांना आनंदाची वाटली. ते कुणाच्या खात्यात, हे जरा मागाहून लक्षात आलं. देवेश सेक्रेटरी झाल्यापासून सोसायटीचं वीजबिल एवढं उतरलं होतं, की सभेत त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला होता. शाल टिपणिसांनीच घातली होती. ते मिठीतून बाहेर आले. देवेश बोंबलांकडे बघू लागला.

सोनाबाईंनी भिंतीला टेकून एक वडा उचलला. "म्हंजे," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या, "या सायबांनी हेंच्या घरची भरली. हेंनी लिफ्टची भरली. आन् लिफ्टवाल्यांनी सायबांची भरली. मंग चोर कोन?"

"कुणीच नाही," टिपणीस म्हणाले.

"मंग पोरीचा काय? ती लाइट वाचवते का नाय?"

बळीरामशेठ घसा खाकरायला लागले. त्याआधीच दिपिका पुढे झाली. "नाही वाचवत, मावशी. मला झोपायला एसी लागतो. बाबा मगाशी जे बोलले ते उगाच. तुम्हाला खोटं सांगून काय करू?"

भामावहिनींनी डोळे मिटले. बळीरामशेठनी भिंतीवरच्या एका कोऱ्या जागेकडे टक लावली. सोनाबाई वडा चावत राहिल्या. तेवढ्यात हरेश, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, म्हणाला, "आई, मना पन लागतंय."

"काय?"

"एशी. तू कुलूप लावतेस. मी गच्चीव झोपतंव. मच्छर खातान."

सोनाबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग दिपिकाकडे, मग पुन्हा मुलाकडे. "सांगाचा ना मंग," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं भामावहिनींना, "वडे चांगले झालेत. वर चला, आमाला जेवायचा हाय."

लग्न ठरलं. मीटर मात्र तसंच राहिलं. अर्ज झाला, पाहणीला माणूस येऊन गेला, त्यानं डोकं खाजवून सांगितलं की एका वेळी तीन जोडण्या बदलायच्या म्हणजे वेळ लागणार. मागचं काय ते कागदोपत्री निस्तरू, असं तिघांनी ठरवलं. पण पुढचं काय? रोजची वीज तर जळत होती.

एका सकाळी दात घासताना टिपणिसांच्या लक्षात आलं, की आता आपण घरात काहीही वाचवून उपयोग नाही. आपलं बिल कमी करायचं तर चौथ्या मजल्यावरचे दिवे विझवायला हवेत. त्यांनी तोंड धुतलं, शर्ट घातला आणि वर जाऊन बेल वाजवली.

"वहिनी, आतल्या खोलीतला पंखा उगाच चालू आहे का हो?"

भामावहिनींना आधी काही कळेना. मग त्या म्हणाल्या, "या ना भाऊजी, बगा तुमीच." टिपणिसांनी सगळ्या खोल्या फिरून तीन पंखे, दोन दिवे आणि एक रिकाम्या खोलीत गारवा करणारा एसी बंद केला. निघताना त्यांच्या हातात जिताडा माशाच्या कालवणाची वाटी होती.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. परत येताना जिन्यात बळीरामशेठ भेटले. ते चौथ्या मजल्यापर्यंत पायी चढत होते, दर मजल्यावर टेकत होते आणि लिफ्टकडे निघालेल्या प्रत्येकाला अडवत होते. "पायान ताकद हाय ना? मंग चाला! माज्या पैशावर बसताव लिफ्टन?" आणि टिपणीस घरी पोचले, तर देवेश त्यांच्या स्वयंपाकघरात उभा.

"काकू, फ्रिजचं दार फार वेळा उघडता तुम्ही," तो सांगत होता. "शेवटी सोसायटीचं बिल आहे."

"मला पनीर काढायचंय," आशालताबाई म्हणाल्या.

"आणि ही गिझरवरची पट्टी कुणी काढली?"

 आशालताबाईंनी पदर खोचला, टिपणिसांना म्हणाल्या, "तुम्ही रोज वर जाता ना? मी पण येते." आणि त्या दिवसापासून टिपणीस दांपत्य दुपारची जेवणं उरकून चौथ्या मजल्यावर जाऊ लागलं. आधी ते तपासणीला जात. मग जरा बसत. मग भामावहिनी म्हणाल्या, "एवढा उकडतंय, एशी लावू?" टिपणिसांच्या तोंडून 'नको' निघणार होतं. आशालताबाई म्हणाल्या, "लावा. बिल आम्हालाच येतंय, मग गारवा तरी आम्हाला मिळू दे."

या युक्तिवादात टिपणिसांना खोट सापडेना. त्यांनी सोफ्यावर पाय वर घेतले. तरी सवय जाईना. मधेच ते दचकून उठत, रिमोट शोधत, तापमान दोन अंशांनी वाढवत, आणि बायका पत्ते खेळत असलेल्या खोलीतला दिवा विझवून येत. बळीरामशेठना गंमत वाटे. "बसा हो सायेब," ते म्हणत. "लाइट काय पळून जातेय?"

पावसाळा तोंडावर असताना एकदाची माणसं आली आणि वायरी सरळ करून गेली. टिपणिसांचं मीटर टिपणिसांच्या घराला लागलं, घरतांचं घरतांना, सोसायटीचं लिफ्टला. टिपणिसांनी स्वतः खटकी पाडून पाहिली. आशालताबाईंनी फोनवर सांगितलं, "गेला." टिपणीस समाधानानं वर आले. त्या दिवशी ते चौथ्या मजल्यावर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आता कुठल्या नात्यानं जायचं?

पुढचं बिल आलं. टिपणिसांचं इतकं छोटं होतं, की आशालताबाईंनी आनंदानं गिझर लावून अंघोळ केली. दुपारी बेल वाजली. दारात बळीरामशेठ, हातात मोबाइल, चेहरा उतरलेला.

"सायेब, हे बगा. हा आकडा खरा हाय का?"

टिपणिसांनी पाहिला. तो त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. "खरा आहे."

"तुमी एवढा भरत व्हताव? दर महिन्याला?" बळीरामशेठ दाराच्या चौकटीला टेकले. "सायेब, मी घरान बोलून दमलो. कोन आयकत नाय. दिपिकाचं लग्न व्हायचं हाय, तोवर ती आयकाची नाय. तुमी येत व्हताव तवा बरा व्हता. चार बटना तरी बंद व्हायची. तुमाला ती नजर हाय. चला ना वर. पयल्यासारखं येत जावा."

आपल्या मोहिमेची अशी कदर आजवर कुणी केली नव्हती. टिपणिसांचा ऊर भरून आला. आशालताबाईंनी तर चपला घातल्याही होत्या.

वर हॉलमध्ये एसी चालू होता. बाहेर आभाळ दाटून भयंकर उकडत होतं आणि आतली थंडगार हवा टिपणिसांच्या मानेवरून शर्टात उतरली. ते सोफ्यावर बसले. भामावहिनींनी कोकम सरबत आणलं. बळीरामशेठ समोर उभे राहून त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघत होते. टिपणिसांनी ग्लास तोंडाला लावला, पाय वर घेतले आणि मान मागे टेकली.

बळीरामशेठनी थोडी वाट पाहिली. मग आपणच रिमोट उचलला. "सायेब, बंद करू ना? का आधी आतले पंखे बगताव?"

टिपणिसांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"अहो, राहू द्या हो शेठ," ते म्हणाले. "एवढ्याशानं असं किती बिल येणार आहे?"